एका बाजूचं चोंदलेलं नाक, दादाचा कॅन्सर आणि 'किती वर्षं?' हा प्रश्न

एकाच बाजूचं नाक कायम चोंदत असेल, त्याच बाजूने मधूनमधून रक्त येत असेल, आणि दीड-दोन महिने स्प्रे-गोळ्या घेऊनही फरक नसेल तर कृपया दुर्बिणीने नाक तपासून घ्या. सर्दी दोन्ही बाजूंना होते, ॲलर्जी दोन्ही बाजूंना होते, मोठ्या माणसांमधे साधे पॉलिपसुद्धा बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूला काहीतरी वाढतंय म्हटलं की ते काय आहे हे बघितलंच पाहिजे. शंभरातल्या बहुतेकांना काहीच निघणार नाही हे मलाही माहितीये, पण आमच्या दादाला निघालं म्हणून सगळ्यात आधी हे लिहितेय, बाकीची पोस्ट नाही वाचली तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा.

दादा एसटीच्या वर्कशॉपमधे मेकॅनिक, चाळिशी ओलांडलेला, तंबाखू नाही, दारू नाही. त्याला आमच्याकडच्या एका दवाखान्यात कित्येक महिने धुळीची ॲलर्जी म्हणून स्प्रे दिला गेला, मग पॉलिप आहे म्हणून सांगितलं, आणि गावातलं काम असंच असतं, कामाच्या ठिकाणी धूळ आणि डिझेलचा धूर आहेच त्यामुळे कोणाला वेगळं वाटलंच नाही. नशीब एवढंच की पॉलिप काढायच्या आधी दुसऱ्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला आणि स्कॅन बघून ते म्हणाले, याला मी हात लावणार नाही, तुम्ही सरळ टाटाला जा. तेव्हा आम्हाला राग आला होता की हे काहीच करत नाहीत. आता वाटतं त्या माणसाने दादावर केवढे उपकार केलेत, कारण ही गाठ रक्ताने भरलेली असते आणि वरून मेंदूच्या आवरणाला चिकटलेली असू शकते, स्कॅन न करता ओपीडीत ओढून काढायला गेलं तर काय होईल ते न बोललेलं बरं.

टाटाला जायच्या आधी बाहेरच बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला, आणि निदान आलं एस्थेसिओन्युरोब्लास्टोमा. यालाच ऑल्फॅक्टरी न्युरोब्लास्टोमा असंही म्हणतात, रिपोर्टवर कुठलंही नाव असलं तरी आजार तोच. नाकाच्या अगदी छताला, दोन डोळ्यांच्या मधे, चाळणीसारखं भोकंभोकं असलेलं एक पातळ हाड असतं आणि त्या भोकांतून वासाच्या नसांचे धागे मेंदूकडे जातात. तिथल्या वास ओळखणाऱ्या पेशींच्या थरात हा कॅन्सर सुरू होतो. १९२४ साली फ्रान्समधे बर्जर आणि ल्युक या डॉक्टरांनी पहिल्यांदा याचं वर्णन केलं, म्हणजे वैद्यकशास्त्राला माहीत होऊन शंभर वर्षं झाली, पण होतो इतका कमी, साधारण २५ लाख माणसांमागे वर्षाला एक, की अनेक कान-नाक-घसा डॉक्टरांना अख्ख्या करिअरमधे एखादाच दिसत असेल. त्यामुळेच हा आजार रोज बघणाऱ्या ठिकाणी जायचं असतं, घरापासून जवळ असणाऱ्या ठिकाणी नाही. हे माझं ठाम मत आहे आणि मी त्यावर कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

टाटाला गेल्यावर पहिलं काय केलं तर बाहेर झालेल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागवून घेतले आणि पुन्हा तपासले. वहिनी म्हणाली, अहो रिपोर्ट आलाय ना, परत कशाला, अजून आठवडा जाणार. पण हे फार महत्त्वाचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या कॅन्सरसारखे दिसणारे बरेच आहेत, सायनसचा अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा, न्युरोएंडोक्राइन कार्सिनोमा, मेलॅनोमा, लिम्फोमा, आणि प्रत्येकाची ट्रीटमेंट वेगळी, कोणाला आधी ऑपरेशन, कोणाला आधी किमो, कोणाला ऑपरेशनच नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या डॉक्टरांनी २००२ साली छापलं होतं की एस्थेसिओ म्हणून पाठवलेल्या त्यांच्या १२ पेशंटपैकी फक्त २ जणांना खरंच एस्थेसिओ होता. बाकीच्यांना भलतंच काही, काही जणांना तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ! म्हणून ब्लॉक परत तपासायला एक आठवडा गेला तर जाऊ द्या. तो फुकट जात नाही.

मग एमआरआय. सीटीत हाड कुठे खाल्लं गेलंय ते कळतं पण नाकाची वाट बंद झाली की मागच्या सायनसमधे पाणी साठतं आणि सीटीत गाठ आणि पाणी वेगळं ओळखायला अवघड जातं. दादाच्या सीटीत एका बाजूचे सगळे सायनस भरलेले दिसत होते, आम्ही घाबरून अर्धमेले झालो होतो, एमआरआयमधे कळलं की त्यातला बराच भाग नुसता साठलेला स्राव आहे, गाठ त्यामानाने लहान आहे. पण ती वरच्या हाडातून थोडी पलीकडे गेली होती. मानेतल्या लिम्फ नोड म्हणजे लसीका ग्रंथी स्वच्छ, पेट स्कॅनमधे बाकी कुठे काही नाही.

आता येते 'किती वर्षं?' या प्रश्नावर, कारण निदान झालेल्या रात्री मी पण मोबाईल घेऊन तेच बघत बसले होते आणि ज्यांच्या घरी आत्ता हे घडलंय ते पण तेच बघत असणार.

नेटवर तुम्हाला एक आकडा सापडेल, पाच वर्षं जगणारे ४५ टक्के. हा आकडा खोटा नाही. २००१ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमधे एक मोठा आढावा आला होता, १९९० ते २००० या काळातले २६ अभ्यास, ३९० पेशंट, त्यातला तो आहे. पण त्याच आढाव्यात पुढे जे दिलंय ते बघा. कॅडिश नावाची स्टेज असते, १९७६ सालची, ए म्हणजे गाठ फक्त नाकात, बी म्हणजे सायनसपर्यंत, सी म्हणजे त्याच्या पलीकडे, डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूच्या बाजूला (१९९३ मधे त्याला डी जोडली, मानेत किंवा लांब पसरलेला). त्यात ए ला ७२ टक्के, बी ला ५९, सी ला ४७. आणि दुसरी गोष्ट ग्रेड, हायम्स ग्रेड म्हणतात, १ ते ४, पेशी किती बिघडल्यात ते. ग्रेड १-२ ला ५६ टक्के आणि ३-४ ला २५. बघा, दुपटीपेक्षा जास्त फरक. मानेत गाठ असेल तर २९ आणि नसेल तर ६४. एकाच आजाराच्या एकाच नावाखाली एवढी वेगवेगळी माणसं आहेत आणि आपण त्या सगळ्यांची सरासरी आपल्या माणसाच्या कपाळावर चिकटवतो.

त्याच आढाव्यातलं आणखी एक कोष्टक आहे जे वाचून मी एक रात्र झोपले नव्हते. ऑपरेशन आणि रेडिएशन घेतलेल्यांत ६५ टक्के, नुसतं ऑपरेशन ४८, नुसतं रेडिएशन ३७, हे समजतं. पण ऑपरेशन, रेडिएशन आणि वर किमो घेतलेल्यांत ४७! मला वाटलं किमोने माणसं मरतात की काय. जॉइंट क्लिनिकमधे (जिथे सर्जन, रेडिएशन आणि किमोचे डॉक्टर एकत्र बसून पेशंट बघतात) एका तरुण डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की मुळात किमो कोणाला दिली गेली ते बघा ताई, ज्यांची गाठ मोठी, ग्रेड वाईट, जी पूर्ण निघाली नाही अशांनाच जास्त करून दिली, म्हणजे आधीच अवघड असलेले पेशंट त्या रकान्यात जमा झाले, रकाना किमोमुळे खाली आलेला नाही. हे कळल्यावर मला प्रत्येक टक्क्याकडे बघायची नजर बदलली. आता कुठलाही आकडा दिसला की मी पहिलं बघते यात कोण लोक आहेत.

आणि तो आढावा आहे जुन्या ऑपरेशनच्या काळातला. नंतर २००७ मधे अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीतल्या ३११ पेशंटचा हिशेब आला त्यात पाच वर्षांना ६२ टक्के आणि दहा वर्षांना ४६ टक्के, स्टेज ए मधे तर दहा वर्षांत या आजाराने न गेलेले ९० टक्के. चांगलं आहे ना? पण त्यातला ६२ ते ४६ हा उतार पण बघा. त्यात इतर कारणांनी गेलेले म्हातारे लोकही आहेत, तरी या आजाराचा एक स्वभाव आहे जो मला वाटतं प्रत्येक नातेवाइकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा, तो म्हणजे हा उशिरा परत येतो. बऱ्याच कॅन्सरमधे पाच वर्षं झाली की लोक पेढे वाटतात. यात पाच वर्षांनी येतो, दहा वर्षांनी येतो, त्यानंतरही आल्याच्या नोंदी आहेत. आणि बऱ्याचदा मानेत येतो. सुरुवातीला शंभरात पाच-आठ जणांच्याच मानेत असतो पण नंतरची सगळी वर्षं मिळून हा आकडा वीसच्या पुढे जातो. यात दिलासा इतकाच, आणि तो छोटा नाही, की मानेत परत आलेला वेळेवर सापडला तर मानेचं ऑपरेशन आणि रेडिएशन करून पुन्हा आटोक्यात आणता येतो. वेळेवर सापडला तर. म्हणून फॉलोअप चुकवायचा नाही, कधीच नाही.

दादाची स्टेज सी, ग्रेड २, मान स्वच्छ. आधी ऑपरेशन मग रेडिएशन असं ठरलं.

ऑपरेशनबद्दल सगळ्यात जास्त भीती होती कारण 'कवटी उघडणार' असं कोणीतरी सांगितलं होतं. पूर्वी तसंच करायचे, वरून न्युरोसर्जन कपाळाचं हाड उघडणार आणि खालून नाकाचे सर्जन चेहऱ्यावर चीर देणार. अजूनही गाठ मेंदूत बरीच वर गेली असेल तर करावं लागतं. पण आता अनुभवी टीम असेल तर बऱ्याच पेशंटमधे सगळं नाकातून दुर्बिणीने करता येतं. दादाचं तसं झालं, चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. दोन टीम, नाकाची आणि मेंदूची, अख्खा दिवस. गाठ, ते चाळणीचं हाड, त्यावरचं मेंदूचं आवरण, वासाच्या नसा सगळं काढलं आणि कडांचे तुकडे तिथल्या तिथे तपासले. मग मेंदू आणि नाक यांच्यामधे जे भगदाड राहतं ते बुजवायचं असतं, त्यासाठी मांडीतलं जाड आवरण घेतलं आणि वरून नाकाच्या पडद्याची दुसऱ्या बाजूची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून लावली. ही पडद्याच्या फ्लॅपची पद्धत २००६ पासून रूढ झाली आणि तिच्यामुळे मेंदूतलं पाणी गळायचं प्रमाण खूप कमी झालं असं डॉक्टर म्हणाले.

तरी ती भीती पहिले काही आठवडे असतेच आणि तिथे घरच्यांचं काम सुरू होतं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, दाबायची अजिबात नाही. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही म्हणून रोज रात्री इसबगोल. वहिनीने त्या काळात घरात फोडणीच केली नाही, मिरचीचा खाट उठला आणि दादाला शिंकांवर शिंका आल्या तर काय म्हणून, सगळा स्वयंपाक शेजारच्या काकूंकडे व्हायचा आणि डबा यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाकातून स्वच्छ पाण्यासारखं थेंब थेंब गळायला लागलं, विशेषतः पुढे वाकल्यावर, घशात खारट लागलं, किंवा ताप आणि मान ताठ झाली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.

रेडिएशन साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. त्याआधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात, किडलेले दात आधीच काढून टाकतात कारण नंतर जबड्याच्या हाडाला किरणं लागलेली असताना दात काढणं धोक्याचं. मग चेहऱ्याचा मास्क बनवतात, प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, ती थंड झाली की कडक होते आणि रोज तीच घालून टेबलाला अडकवतात म्हणजे डोकं जराही हलत नाही. दादाला पहिल्या दिवशी त्यात गुदमरल्यासारखं झालं. तिथल्या टेक्निशियनने सांगितलं काका डोळे मिटा आणि मनात काहीतरी मोजत राहा, तर हा इंजिनचे पार्ट उघडायचा क्रम मनात म्हणायचा. डोळे, डोळ्याच्या नसा, मेंदू सगळं अगदी जवळ असल्यामुळे इथे रेडिएशन फार नेमकं लागतं, किरणांचा जोर गाठीच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटी पद्धतीने दिलं. प्रोटॉन किरणांचं रेडिएशन हा अजून नेमका पर्याय आहे, चेन्नईला अपोलोमधे २०१९ पासून आणि टाटाच्या खारघर सेंटरला २०२३ पासून. प्रत्येकाला लागतोच असं नाही, पण गाठ डोळ्याच्या नसेला अगदी खेटून असेल किंवा पेशंट लहान मूल असेल तर नक्की विचारा.

किमो दादाला दिली नाही. ज्यांची गाठ खूप मोठी असते किंवा ग्रेड वरचा असतो त्यांना देतात, बहुतेक सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड, काही वेळा ऑपरेशनच्या आधी गाठ लहान करायला. अजून एक नाव ऐकून ठेवा, डोटाटेट पेट स्कॅन. या कॅन्सरच्या पेशींवर पुष्कळदा सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनला पकडणारे रिसेप्टर असतात, त्यामुळे हा वेगळा स्कॅन कुठे लपलेलं काही आहे का ते दाखवू शकतो, आणि पसरलेल्या आजारात त्याच वाटेने ल्युटेशियमचं किरणोत्सर्गी औषधही काही पेशंटना दिलं गेलंय. शेवटचा उपाय संपला असं कोणी म्हटलं तर हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

आता दादाला वास येत नाही. अजिबात नाही, दोन्ही बाजूंनी, आणि येणारही नाही, कारण त्या नसाच काढल्या आहेत. हे आम्हाला आधी सांगितलं होतं आणि आम्ही 'जीव वाचतोय ना' म्हणून मान डोलावली होती, पण रोजच्या जगण्यात ते काय असतं हे नंतर कळतं. गोड, खारट, आंबट, तिखट जिभेला कळतं, पण आमटी आणि सांबार यातला फरक त्याला कळत नाही. वर्कशॉपमधे डिझेल गळतंय का जळतंय हे तो वासावर सांगायचा, आता शिकाऊ पोराला विचारतो. पहिलं वर्षभर जेवायला बसला की तो चिडायचा, आणि ते चिडणं खरं दुःखाचं होतं हे आम्हाला उशिरा समजलं. यावर कोणी बोलत नाही. 'वास काय, नसला तरी चालतं' असं पेशंटला म्हणू नका हो, प्लीज. आणि घरात गॅस गळतीचा अलार्म लावून घ्या, सिलिंडरवाल्यांच्या घरी तर पहिल्या आठवड्यात, स्वयंपाकघरात खाली जमिनीजवळ, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो.

दुसरं कायमचं काम म्हणजे नाक धुणं. रेडिएशननंतर आत खपल्या धरतात, कडक, हिरवट, कधी रक्ताळलेल्या, आणि त्या साठल्या की दुर्गंधी येते जी पेशंटला कळत नाही आणि घरच्यांना कळते. उकळून गार केलेलं पाणी, मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, पिळायची बाटली, सकाळ-संध्याकाळ. नळाचं पाणी तसंच वापरू नका. मात्र हे कधी सुरू करायचं ते सर्जनलाच विचारायचं, आतली जखम भरायच्या आधी नाही. शिवाय डोळे कोरडे पडतात, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, थायरॉइड आणि पिट्युटरीचे हार्मोन काही वर्षांनी खाली येऊ शकतात. दादा सारखा थकलेला असायचा, आम्हाला वाटलं मनाने खचलाय, तपासलं तर थायरॉइड कमी निघालं आणि एका गोळीवर माणूस ताळ्यावर आला. वर्षाला एकदा ही रक्ततपासणी मागून घ्या.

पैशाचं आणि राहण्याचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, रेशन कार्ड आणि आधार, पहिल्याच फेरीला सोबत न्या आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा, ते लोक खरंच वाट दाखवतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि जागा मिळायला थांबावं लागतं. आम्ही कराडहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरायचो.

सध्या दादा कामावर आहे. नाकाची दुर्बीण आणि एमआरआय आधी दर तीन-चार महिन्यांनी होतं, आता सहा महिन्यांवर आलंय, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर दोन्ही हातांनी मान चाचपतात. आई अजून विचारते, आता बरा झाला ना रे पूर्ण? दादा सांगतो, आज काही नाहीये आई, पुढचं पुढच्या वेळी बघू. तिला ते उत्तर आवडत नाही, पण तो खोटं बोलत नाही.

कोणाच्या घरी हाच पेशंट असेल आणि दादाशी बोलायचं असेल तर कमेंटमधे लिहा, मी नंबर देईन. मास्कबद्दल, नाक धुण्याबद्दल, जेवणाबद्दल तो तासभर बोलतो. स्टेज आणि ग्रेड मात्र रिपोर्टवरून आधी लिहून ठेवा, नसेल दिलेला तर पॅथॉलॉजीला फोन करून मागा, कारण पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.